खांद्यावरची गाठ

लोंढ्याला आगगाडीतून उतरलो तेव्हा सोबत चाळीस लुगडी होती आणि डोक्यात राग. खानापूरच्या एका विणकराकडून मी स्वतः नमुना सांगून विणून घेतलेली ही लुगडी जोयड्याकडच्या कुणबी बायकांनी न घेता परत पाठवली होती. पुन्हा तसेच झाले तर माग मोडून गिरणीत जातो, असे विणकर म्हणत होता. हळ्याळचा एक फेरीवाला त्या गावांत हिंडतो. त्यानेच माझ्या मालाविषयी काहीबाही पसरवले असणार. पाठीवर गाठोडे वाहून मी बेळगावात कापडाचे दुकान उभे केले आहे. त्या फेरीवाल्याला तोंडावर खोटे पाडल्याशिवाय परतायचे नाही, असे ठरवले होते.

पुढे बैलगाडी. एका ओढ्यात चाक रुतले, मी उतरून ढकलले आणि पोटरीला जळू घेऊन वर आलो. गाडीवानाने चघळलेली तंबाखू लावून ती पाडली व वर हसला.

गावात बुधवंताच्या (मानकऱ्याच्या) अंगणात मी लुगडी पसरली. सात-आठ बायका जमल्या. त्यांनी सूत चिमटीत चोळून पाहिले, तांबड्या चौकड्यांचे कौतुक केले, नीट घड्या घातल्या आणि माझ्यासमोर परत ठेवल्या. दर कोणी विचारलाच नाही. मी आपणहून चार आणे उतरवले, मग आठ. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. एक म्हणाली, ‘‘लुगडं बरं हाय. पण नको.’’ मला घासाघीस येते. पण समोरून दरच येईना, तर घासायचे काय?

फेरीवाल्याचे विचारले, तर तो हिवतापाने दोन वर्षे इकडे फिरकलाच नव्हता. आता माझे डोके चालेना. मी ओरडलो, ‘‘मग खोट काय आहे, ते तरी सांगा.’’

 बुधवंताची आई गंगाक्का हिने मला पेज वाढली, सोबत तांबड्या मुंग्यांची चटणी. ती आंबट, झणझणीत चटणी मी रागारागाने संपवली. मग तिने माझ्या मालातले एक लुगडे आपल्या लुगड्यावरूनच गुंडाळले आणि इथल्या रीतीप्रमाणे पदर खांद्यावर गाठीत बांधला. डोक्यावर कंदांची टोपली घेऊन चालू लागली. दहा पावलांत गाठ सुटली. ती सावरायला गेली, तर टोपली कलंडून कंद अंगणभर झाले.

‘‘सावकार, हात दोनच हायत. एक टोपलीला, एक कोयत्याला. गाठ धराय तिसरा कुठनं आणू?’’

दोष काठात होता; त्यात गाठ बसतच नव्हती. चार बोटे रुंद, दुहेरी सुताचा तो ताठ काठ म्हणजे माझीच अक्कल. त्याच दरात जास्त माल दिल्याचा मला अभिमान. बेळगावच्या बायका असलाच काठ मागतात, असे मी म्हणालो.

‘‘त्या भात लावत्यात व्हय?’’

आधी का सांगितले नाही, म्हटल्यावर ती कंद गोळा करत म्हणाली, ‘‘कुणीतरी हातानं केल्यालं. त्याला तोंडावर नाव ठिवत न्हाईत आमी.’’

चाळीसही लुगडी घेऊन खानापूरला आलो. विणकराला म्हटले, काठ बोटभर कर, एकेरी सुताचा. त्याने कारण विचारले. मला धड सांगता येईना. शेवटी कोटावरून लुगडे गुंडाळले, खांद्यावर गाठ मारली, त्याची सुताच्या कांड्यांची टोपली डोक्यावर घेतली आणि अंगणात चालून दाखवले. दारात त्याची बायको तोंडाला पदर लावून उभी. आठव्या पावलाला गाठ सुटली.

विणकर हसला नाही. काठ अंगठ्याने दाबून पाहिला आणि मागावर बसून काठाचे जादा धागे काढू लागला. माझा राग तसाच होता. तो कोणावर काढायचा, एवढेच कळत नव्हते.