मागून वही उघडणाऱ्या लुईझाबाई

लुईझाबाईंच्या हाती कोणाचीही वही आली की त्या ती आधी मागून उघडत. मुलाने काय लिहिले आहे यापेक्षा कोरी पाने किती उरली आहेत, याकडे त्यांचे लक्ष. डोंबिवलीच्या आमच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते आणि त्या कार्यानुभव. रोज ठाण्याहून येत. गळ्यात बारीक क्रूस, कमरेला खोचलेला पदर आणि पर्समध्ये कायम एक दाभण.

वार्षिक परीक्षा संपली की बाई वर्गाच्या दारात उभ्या. "ए, रद्दीवाल्याला नंतर. आधी माझ्याकडे!" मग मुलांना बसवून कोरी पाने सोडवायची, दाभणाने भोके पाडायची, जाड दोऱ्याने शिवायची आणि वर जुन्या कॅलेंडरचे कव्हर घालायचे. नातवंडांनो, अशा रफ वह्या तुमच्या आईनेही वापरल्या आहेत.

आमचा एक माजी विद्यार्थी मलावीत नोकरीला होता. मलावी म्हणजे आफ्रिकेतला तो देश, जिथला हापूस हल्ली आपल्या बाजारातही दिसतो. तिथल्या एका खेड्यातल्या शाळेत दोन-दोन मुले एकच वही वापरतात, असे त्याने सांगितले आणि बाईंनी पहिले खोके भरले. मग तो दर सुट्टीला येई आणि जाताना एक खोके नेई.

चौथ्या वर्षी तिथले मुख्याध्यापक फिरी सर यांचे पत्र आले. त्यांनी लिहिले होते: प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर वरती एक खूण असते. आमची मुलेही हौसेने ती परीक्षेच्या पेपरावर काढू लागली आहेत. चर्चला जाणारे पालक विचारतात, ही कसली खूण? खुलासा होईपर्यंत वह्या कपाटात ठेवल्या आहेत.

ती खूण म्हणजे 'श्री'. वही शिवून झाली की आमच्या मुलांनी सवयीने लिहिलेली. बाईंनी कपाळावर हात मारला. "मी ख्रिस्ती बाई, एकेक टाका तपासला, आणि हे दिसलं नाही! इतकी वर्षं बघून बघून डोळे सरावले गो."

आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "बंद करू या हे. गरजू मुलं इथं जवळ, आंबिवलीच्या पलीकडेही आहेत."

"त्यांनाही देऊ की, सर. पण यांना असं मधेच कसं सोडायचं?" बाई म्हणाल्या.

शेवटी एक पत्र पाठवून पाहायचे ठरले. मी दीड पान लिहिले. 'श्री'चा अर्थ, आपली परंपरा, आमचा शुद्ध हेतू. बाईंनी वाचले.

"इंग्रजी झकास. पण यात सॉरी कुठंय?"

"मुद्दाम थोडंच केलंय आपण?"

"चुकून पाय लागला तरी नमस्कार करतोच ना गो? आणि हेही लिही, तुम्हाला काय हवंय ते आम्ही कधी विचारलंच नाही."

पत्र चार ओळींचे झाले. पुढचे तीन आठवडे बाई स्टाफरूममध्ये शिरताच विचारत, "आलं?" मी मान हलवी.

मग उत्तर आले. फिरी सरांनी पालकांना आमचे पत्र वाचून दाखवले होते आणि वह्या मुलांच्या हाती परत गेल्या होत्या. काय हवे, तेही त्यांनी लिहिले होते. अर्धवट वह्या आमच्याकडेही घरोघरी पडून असतात. त्या शिवायच्या कशा, ते शिकवाल?

त्या वर्षी खोक्यात दाभणे आणि दोरा गेला. शनिवारी शाळा सुटल्यावर बाई मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर दाभण धरून ओरडत, "नीडल डाऊन! डाऊन बोलले ना रे! हां, शाब्बास!" पलीकडून हशा ऐकू येई. आता ती मुले शेजारच्या गावांतल्या शाळांनाही वह्या शिवून देतात. बाई निवृत्त झाल्या तरी शनिवारचा फोन त्यांनी सोडला नाही. गेल्या नाताळाआधी त्या गेल्या. हल्ली तो फोन नव्या बाई करतात.

व्यवस्थितपणा माझ्यात पहिल्यापासून होता. देण्याआधी विचारायला मला लुईझाबाईंनी शिकवले. दर दिवाळीला मी तुम्हाला माझ्या मनाने स्वेटर आणि चकल्या पाठवत आले. यंदा पार्सलचे खोके आणून ठेवले आहे, पण अजून काहीच भरलेले नाही. तुम्हाला काय हवे, ते कळवा.