चोवीस इंचांचं दार

महांतेश पट्टणशेट्टी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तपासनीस होता. ओतलेले भाग समोर यायचे, तो मोजायचा, माप चुकलं की लाल खूण करून बाजूला सारायचा. एकवीस वर्षं हेच काम. लोखंड उलटून बोलत नाही, म्हणून ते त्याला जमायचं. माणसांशी वाद घालायची वेळ आली की मात्र त्याची जीभ टाळूला चिकटायची. घरात कुणाशी भांडायचं असेल तर ते त्याची बायको दानेश्वरी भांडायची.

त्याची आई मल्लव्वा सीमेकडच्या गावातली, निम्मं कानडी बोलणारी. तीन वर्षांपूर्वी तिचा खुबा मोडला आणि चाकाची खुर्ची आली. अंघोळ झाल्याशिवाय ती इष्टलिंग हातात घेत नसे, आणि पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही घेत नसे. भाड्याच्या घरात न्हाणीला उंच पायरी होती. रोज सकाळी दोघं नवराबायको तिला उचलून आत नेत. महांतेशची पहिली पाळी असली की दानेश्वरी शेजारणीला हाक मारायची. वर्षभरात दानेश्वरीच्या कमरेला पट्टा लागला.

म्हणून कसबा बावड्यात फ्लॅट बुक करताना महांतेशनं एकच गोष्ट मागितली होती. बाथरूमचं दार तीन फुटांचं हवं आणि खाली उंबरा नको. बिल्डर सम्राटदादांनी हसत मान्य केलं. करारासोबतच्या नकाशात तसं लिहूनही दिलं.

ताबा मिळायला बारा दिवस उरले होते. गृहप्रवेशासाठी जंगमस्वामींना सांगून झालं होतं. रविवारी पडद्यांची मापं घ्यायला महांतेश तिसऱ्या मजल्यावर गेला. दार उघडं होतं आणि साइटचा सुपरवायझर बाळासो आत नळ बसवून घेत होता.

“या पावणं. चप्पल राहू दे, फरशी अजून धुतलेली न्हाय.”

महांतेश बाथरूमसमोर आला आणि थबकला. दार अरुंद दिसत होतं. खाली काळ्या दगडाचा चार इंचांचा उंबरा होता. त्यानं टेप लावला. चौकटीच्या आत मोकळी जागा चोवीस इंच. आईची खुर्ची सव्वीस. पुन्हा मोजलं, मग खालून, मग वरून. मापात काही फरक पडेना.

“हे असं का?”

“पायपा बाहेरनं वंगाळ दिसायल्या म्हणून आतनं डक्ट घेतला की, त्यात दार आखडलं. सगळ्या मजल्यांवर तसंच हाय. कुणाची तक्रार न्हाय.”

“मला कुणी विचारलं नाही.”

“आता त्यात काय इचारायचं?” बाळासो म्हणाला आणि नळाकडे वळला.

महांतेश तिथून निघाला तो पडद्यांची मापं न घेताच. घरी त्यानं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर त्यानं चांगले सहा भाग नापास केले आणि पर्यवेक्षकाची बोलणी खाल्ली. कंपनी सुटली की गाडी आपोआप बावड्याकडे वळायची. तो वर जायचा, दार मोजायचा, खाली यायचा. शुक्रवारी सम्राटदादा ऑफिसात भेटले. त्यांनी चहा मागवला.

“महांतेशराव, एवढ्या तेवढ्यावरनं ताबा अडवून घेऊ नका. ह्या कागदावर सही करा, किल्ली घ्या. दाराचं आपण नंतर बघू.”

कागदावर छापलं होतं, फ्लॅट पाहून पूर्ण समाधान झालं आहे. महांतेशनं पेन हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. “उद्या येतो,” म्हणून तो उठला. चहा तसाच राहिला.

घरात त्याला एका जागी बसवेना. जेवताना उठायचा, स्वयंपाकघराचं दार मोजायचा. शेवटी दानेश्वरीनं ताट बाजूला सरकवलं.

“अहो, काय झालंय ते सांगा. नाहीतर मीच जाते बावड्याला.”

त्यानं सांगितलं. दानेश्वरीचा हात कमरेच्या पट्ट्यावर गेला. आतल्या खोलीतून मल्लव्वाचा आवाज आला. “महांता, मला घिऊन चल. कसलं दार हाय ते बघू दे मला.”

दुसऱ्या दिवशी शनिवार. सम्राटदादा दोन नवी गिऱ्हाइकं घेऊन इमारत दाखवत होते. महांतेशनं आईला लिफ्टनं वर आणलं आणि खुर्ची बाथरूमच्या दारात ढकलली. चाकं चौकटीला घासून अडकली. आवाज ऐकून सम्राटदादा आत आले, मागोमाग गिऱ्हाइकंही.

“मावशी, दोघांनी धरलं की आत जाताय की तुम्ही. एवढं काय त्यात?”

मल्लव्वानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती मुलाला म्हणाली, “मी न्हाय बोलणार. घर तुझं हाय. तू बोल.”

महांतेशनं बोलायला सुरुवात केली तेव्हा आवाज इतका मोठा निघाला की तो स्वतःच दचकला.

“दोघं कोण, दादा? मी कामावर असतो. माझ्या बायकोची कंबर गेली म्हणून हे घर घेतलं. नकाशात तीन फूट हाय, तुमची सही हाय. मला न विचारता बदललंय. हे रिजेक्ट हाय. मी सही करत न्हाय, आणि सोमवारी महारेराकडं तक्रार टाकतो.”

गिऱ्हाइकांतल्या बाईंनी आपल्या नवऱ्याला विचारलं, “आपल्याला दाखवतात तो नकाशा तरी खरा असतोय का?”

सम्राटदादांचा चेहरा उतरला. एका बाजूला डक्ट, दुसऱ्या बाजूला कॉलम. कुठल्याच बाजूनं दार वाढवणं शक्य नव्हतं. बाळासोनं बेडरूमच्या भिंतीवर बोटं आपटून पाहिली. “ही नुसती ब्लॉकची हाय, दादा. इकडनं नवं दार काढलं तर तीन फूट निघतंय. पण कपाटाची जागा जाईल.”

ते कपाट दानेश्वरीनं दोन वर्षं मनात रंगवलं होतं. महांतेशनं तिला फोन लावला. ती म्हणाली, “जाऊ दे कपाट. उंबरा काढायला सांगा आधी.”

सम्राटदादांनी गिऱ्हाइकांदेखत होकार दिला. काम पाच आठवडे चाललं. गृहप्रवेशाचा मुहूर्त टळला. भाड्याच्या खोल्या दुसऱ्या कुणाला दिलेल्या होत्या, त्यामुळे महिनाभर दानेश्वरीच्या माहेरी, गडहिंग्लजला, मुक्काम झाला. तिथून महांतेश रोज कामावर यायचा, संध्याकाळी बावड्याला डोकवायचा आणि काळोख पडल्यावर परतायचा. एकदा भिंत तिरकी गेली, ती पुन्हा पाडायला लावली. बाळासो वैतागला. “पावणं, तुम्ही आलासा की माझ्या पोटात गोळा येतोय.”

नव्या घरातल्या पहिल्या सकाळी मल्लव्वा स्वतः चाकं फिरवत बाथरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. दानेश्वरी पलंगावर बसून राहिली. हातांना काही काम नव्हतं. महांतेश बाहेर येरझाऱ्या घालत होता. आत पाणी पडल्याचा आवाज आला, तरी तो थांबेना.

तेवढ्यात बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या तानाबाई उभ्या होत्या, डोळ्यांत पाणी.

“भाऊ, आमची बाल्कनी दोन फूट आखूड केलीया. सम्राटदादा सही मागायल्यात. तुम्ही येताय का माझ्यासंगं? मला बोलाय जमत न्हाय.”

महांतेशनं आत, बायकोकडे पाहिलं. मग तानाबाईंना म्हणाला, “करारातला नकाशा घ्या आधी,” आणि त्यांच्या मागोमाग जिना उतरायला लागला.