कात्रीची खुर्ची

कारखान्यात सगळ्या तिला कात्री म्हणायच्या. शर्टाच्या कॉलरी शिवायची आणि जीभ मशीनपेक्षा जोरात चालवायची. तिच्या शेजारच्या मशीनवर मी अकरा वर्षं बसले. आता ती दहा पावलांवर बसते, आणि मला तिची आठवण येते.

युनियन तिनेच उभी केली. सुट्टीच्या दिवशी एकेकीच्या घरी जायची, चहा प्यायची, सासूशी गोड बोलायची आणि सुनेची सही घेऊन निघायची. एका सासूने तर भरात स्वतःच सही ठोकली. "असू दे मावशी, तुमचं काम कुठे कमी आहे," म्हणत कात्रीने तोही कागद जपून ठेवला.

मग नवा नियम आला. मालकाने युनियनशी बोलायचं की नाही, हे गुप्त मतदानाने ठरणार. निम्म्याहून जास्त मतं हवीत. आम्ही हुरळलो. त्याच नियमात खाली लिहिलं होतं, सुपरवायझर म्हणजे कामगार नव्हे, त्याला मत नाही. तिथवर आमच्यातलं कुणी वाचलंच नाही. मालकाच्या वकिलाने वाचलं.

मतदानाच्या महिनाभर आधी पाच जणींना बढतीची पत्रं मिळाली. पगार तोच, काम तेच. फक्त मशीन खिडकीपाशी, छातीवर बिल्ला आणि स्टुलाऐवजी पाठ असलेली खुर्ची. नाव मोठं, लक्षण खोटं. कात्री पत्र घेऊन घुटमळली.

"मला नाही बरं वाटत हे," ती म्हणाली.

तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारी मीच. "कर गं सही! आपलं माणूस वर गेलं तर आपल्यालाच बरं. पाठ किती दुखते तुझी!" पेनसुद्धा माझंच होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मतदानाच्या दिवशी ती रांगेत माझ्या पुढे उभी होती. कारकुनाने यादीवरून दोनदा बोट फिरवलं. "तुमचं नाव नाही. तुम्ही सुपरवायझर." कात्रीने छातीवरचा बिल्ला हाताने झाकला आणि ती रांगेतून बाहेर पडली.

दोन मतं कमी पडली. पुन्हा मतदान दोन वर्षांनी. दुसऱ्या दिवशी ती पत्र परत करायला गेली, तर मॅनेजर हसून म्हणाला, "मॅडम, बढती परत घेत नाहीत." इकडे बायका तिच्या नावाने बोटं मोडत होत्या. पेन कुणाचं होतं, ते मी कुणालाच सांगितलं नाही.

परवा राहवेना. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिच्या टेबलाशी गेले. "सरक."

ती सरकली नाही. "इथे नको बसूस. मॅनेजर तुझी चौकशी करत होता. कामाला कशी आहे, बायका ऐकतात का."

"मग काय सांगितलंस?"

"आळशी आहे म्हटलं. भांडकुदळ आहे, तिला कुणी विचारत नाही." ती डब्यातच बघत होती. "तरी कागद पुढे केलाच, तर सही करू नकोस. तुझं मत राहू दे. जा आता, आपल्याला एकत्र बघायला नको त्याने."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

"पेन माझं होतं गं."

"माहितीये. जा."

मी आमच्या जेवणाच्या बाकावर परत आले. तिच्या जागेवर कुणीतरी पिशवी ठेवली होती. ती उचलून मी खाली ठेवली.