पांढरेशुभ्र खांब

आमच्याकडे केळीच्या घडावर निळी प्लास्टिकची पिशवी चढवतात. घड उतरला की पिशवी बांधावर फेकायची. दरवर्षी नांगराच्या फाळात तीच अडकते. घड कापल्यावर उरलेले केळीचे खांबही तिथेच सडत पडतात. त्या खांबांतूनच मातीत मुरणारी पिशवी करायची, एवढंच मला करायचं होतं. शिरपूरजवळच्या आमच्या शेतातल्या एका घडाला ती घालून आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दाखवायची होती.

जळगावच्या प्रयोगशाळेत मी खांबाचा गाभा पिळून रस काढायचे आणि तो जिवाणूंना पाजायचे. गोड जास्त झालं की त्यांच्या अंगात चरबीसारखं प्लास्टिक साठतं. पहिल्या खेपेचे खांब मी स्वतः नेले होते. जिवाणू असे फोफावले की नखाएवढा पापुद्रा हाती आला. आबांनी तो उन्हात धरून पाहिला आणि म्हणाले, "आते खांब मी धाडस. तू तुनं काम कर."

तेव्हापासून आबांनी धाडलेले खांब एसटीने येऊ लागले, गोणपाटात गुंडाळलेले, पांढरेशुभ्र. आणि जिवाणू मरू लागले. मी पाणी बदललं, भांडी बदलली, नवे जिवाणू मागवले, मदतनिसांवर खेकसले. सगळ्यांवर संशय घेतला, घरच्या खांबांवर कोण घेणार? प्रकल्पाची मुदत संपली, वाढवून मिळाली नाही. माझं टेबल दुसऱ्याला दिलं तेव्हा रडूसुद्धा आलं नाही. नुसता जगण्याचा वीट आला.

सामान घेऊन घरी गेले. काम सुटल्याचं सांगितलं नव्हतं. आबा पॅकिंगच्या शेडमध्ये होते. बाहेरगावी जाणारा माल सडू नये म्हणून तिथे केळीच्या फण्या औषधाच्या पाण्यात बुडवतात. त्याच हौदात आबा माझ्यासाठी कापलेले खांब बुडवत होते.

मी हातातलं सामान खाली ठेवलं. "आबा, हे कधीपासून?"

"पयलापाईन. तुले सडेल माल कसा धाडू बेटा? मोठा सायबसनी जागा शे ती." मग हात पुसत त्यांनी विचारलं, "तुना जंतू वाढनात का?"

ओरडावंसं वाटलं. ते औषध सडवणाऱ्या जंतूंना मारतं, आणि माझे जिवाणू त्यांच्याच भाऊबंदांतले. पण आबांची बोटं त्या पाण्याने सोलवटली होती.

"नाही वाढले," मी म्हटलं.

"मंग औषध कमी पडनं व्हई," ते म्हणाले, आणि खांब पुन्हा हौदात दाबून धरला.