कुंकवाचं बोट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय, तरी दोनदा उठून दाराची कडी बघून आलो. दार बंद आहे. भिंतीपलीकडे मंदावहिनी आहेत — आणि भीती त्यांचीच आहे.

मी भिवंडीजवळ वडपे गावातल्या एका गोदामात कामाला आहे. ऑनलाइन घेतलेला माल लोक परत पाठवतात. तो उघडायचा, तपासायचा, तक्रार खरी की खोटी ते नोंदीत टाकायचं — हे माझं काम. नोकरी कंत्राटी. सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी दम भरला होता, "माल गिरा, तो गिरानेवाला भी गया." ते माझ्या पोटात बसलं ते बसलंच.

मंदावहिनी शेलार गावात आमच्या शेजारी राहतात. भिवंडीत एका कारखान्यात त्या संगणकावर साडीच्या काठांची डिझाइनं काढायच्या. घरूनच स्वतःचं काम सुरू करायचं म्हणून नोकरी सोडली आणि संगणक मागवला. तयार नव्हे — डिझाइनला लागेल तशी मेमरी, तसं कार्ड सांगून खास बनवून घेतलेला. तो आला त्या दिवशी त्यांनी पूजा केली. नारळ फोडला, संगणकाला कुंकवाचं बोट लावलं. पेढा मीही खाल्ला.

पण संगणक सुरू व्हायचा आणि लगेच बंद पडायचा. त्यांनी तो परत पाठवला. आणि इतकी टेबलं असताना — तो माझ्याच टेबलावर यावा? कुंकू पाहिलं आणि ओळखलं. खरं सांगू? आनंद झाला. म्हटलं, वहिनींचं काम पटकन करून टाकू. त्याच घाईत तो हातातून सुटला.

कोपरा चेपला. आत काहीतरी खुळखुळायला लागलं. वर कॅमेरा होता. मी वर पाहिलं नाही — पण त्यानं मला पाहिलं असेल, नाही का? पुढचं मात्र मी घाईत केलं नाही. विचार करून केलं. 'ग्राहकाकडून नुकसान' असं टाकलं. कारण लिहिलं — पूजेचं कुंकू आणि नारळाचं पाणी आत गेलं.

कुंकू बाहेर होतं. फक्त बाहेर.

चेपलेला संगणक वहिनींकडे परत आला. सोबत कंपनीचा निरोप — मागणीप्रमाणे बनवलेला माल आम्ही परत घेत नाही, शिवाय बिघाड तुमच्याच पूजेनं झालाय. त्या तडक माझ्याकडे आल्या. "भावजी, तुम्ही तितंच कामाला हाव ना? ग्राहक मंचात जाऊ काय?"

मला ठाऊक होतं. नुसतं मन बदललं तर असा माल परत होत नाही. पण मुळात बिघडलेलाच आला असेल, तर ग्राहकाचा हक्क जात नाही. आम्हाला हे शिकवलेलं आहे. पण मंच म्हणजे चौकशी — आणि चौकशी म्हणजे तो कॅमेरा. मी म्हणालो, "नको वहिनी. ऑर्डरीचा माल हाय, कायद्यात बसत न्हाय." वर विचारलं, कुंकू लावायची काय गरज होती? त्या खाली मान घालून गेल्या.

कारखान्यातली त्यांची जागा भरली होती. मग मीच त्यांना आमच्या गोदामात पॅकिंगला लावलं. लोक म्हणतात, शेजारी असावा तर असा. त्या माझ्या टेबलाजवळून जातात तेव्हा मी मान वर करत नाही. कॅमेऱ्यातलं केव्हाच पुसलं गेलं असेल, कळतं मला. पण तो संगणक अजून त्यांच्या घरी आहे, चादरीखाली झाकलेला. उद्या कुणी दुरुस्त करणारा आला, झाकण उघडून म्हणाला, आत कुंकू कुठाय — तर? त्यांच्याकडे पाहुणा आला तरी मी भिंतीला कान लावून बसतो.

या दसऱ्याला गोदामात यंत्रांची पूजा होती. सुपरवायझरनं ताट वहिनींच्या हातात दिलं. त्या माझ्या टेबलापाशी आल्या, संगणकासमोर थांबल्या आणि ताट माझ्यापुढं धरलं.

"तुम्हीच लावा, भावजी. माझ्या हाताचं कुंकू मशिनीला सोसत न्हाय."

तिथं सांगता आलं असतं. सगळे होते. मी बोट कुंकवात बुडवलं आणि लावलं.