सिस्टर आधी टाच बघायच्या

सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की पेशंटचं तोंड नंतर बघायच्या, आधी टाच. पाण्याचा तांब्या पुढं केला तर "राहू द्या" म्हणत थेट खाटेच्या पायथ्याशी जायच्या, चादर सारायच्या आणि टाच तळहातावर घेऊन उजेडाकडं धरायच्या. माझे सासरे अर्धांगवायूनं पडले तेव्हा मी हे पहिल्यांदा पाहिलं. "तोंड तर कुनीबी पुसून ठेवतंय, पाहुणे येनार म्हनून. टाचंकडं कुनाचं ध्यान नसतंय," असं त्यांचं म्हणणं. पडून पडून होणारी अंथरुणाची जखम तिथंच आधी लाल होते.

सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर सिस्टर धाराशिवमध्ये घरोघरी म्हाताऱ्यांच्या सेवेला बाया पाठवायच्या. पण नव्या बाईला आधी स्वतःच्या घरातल्या खाटेवर निजवायच्या. हातपाय हलवायचे नाहीत, माशी बसली तरी उडवायची नाही, असं बजावून खुशाल भाकरी थापायला जायच्या. दुपारपर्यंत बाई रडकुंडीला यायची. मग विचारायच्या, "कूस का बदलायची, कळलं का आता?"

कामावरच्या बाईला सांगून कधी यायच्या नाहीत. येरमाळ्याला देवीला जाते म्हणायच्या आणि तासाभरात आमच्या दारात. एकदा त्यांनीच आमच्याकडं पाठवलेल्या बाईनं सासऱ्यांचा हात ओढणीनं खाटेला बांधलेला सापडला, नाकातली नळी उपसतात म्हणून. तिला तिथल्या तिथं काढलं आणि दुसरी मिळेपर्यंत स्वतः येऊन बसल्या.

त्यांचा खरा राग कचेऱ्यांवर. "चहाच्या गाड्याला परवाना लागतोय, रिक्षावाल्याला बिल्ला लागतोय. अन् परक्या मानसाला म्हाताऱ्याच्या उशाशी बसवायला काय लागतंय? निस्ता फोन! माझी तपासनी करा, मीच म्हनतेय की." स्वतःहून तपासणी मागणारी बाई साहेबांना चक्रम वाटायची. ते हसायचे आणि पुढच्या महिन्यात या म्हणायचे.

मग सिस्टरच अर्धांगवायूनं पडल्या. त्यांच्या पुण्याच्या मुलानं फोनवरूनच एका एजन्सीची मुलगी ठेवली. चकचकीत बोर्ड, घरपोच सेवा. मुलाला रोज सकाळी फोटो जायचा: केस विंचरलेले, टिकली लावलेली, चादर गळ्यापर्यंत. "आई एकदम छान आहे, काकू," तो मला सांगायचा. मी भेटायला गेले तेव्हा ती मुलगी मोबाईल बघत बसली होती. सिस्टरांना धड बोलता येत नव्हतं. त्या माझ्याकडं बघायच्या आणि मग स्वतःच्या पायांकडं. मी चादर सारली. टाच काळी पडली होती. कंबरेचं तर सांगवत नाही.

मी इतकी ओरडले की गल्ली गोळा झाली. मुलगा त्याच दिवशी निघून आला, त्यांना दवाखान्यात हलवलं आणि मी कचेऱ्या गाठल्या. आरोग्यवाले म्हणाले, हे हॉस्पिटल नाही, आमच्याकडं येत नाही. नगरपालिकेत म्हणाले, दुकानाची नोंद आहे, बोर्डही मापात आहे. बोर्डाचं माप घेणारा माणूस या जिल्ह्यात आहे, म्हाताऱ्या बाईची टाच बघणारा नाही! अजून आठवलं की डोकं फिरतं. एजन्सीवाला तर खुर्चीतून उठलाही नाही. "मॅडम, रोज फोटो जात होता. फॅमिली समाधानी होती. अन् त्या मुलीला तर दुसऱ्याच दिवशी ड्यूटी लागली, तुळजापूर रोडला. लई डिमांड आहे."

हे मी दवाखान्यात सिस्टरांना सांगितलं. वाटलं, त्या पोरीला शिव्या देतील. त्या अडखळत एवढंच म्हणाल्या, "तिला... कुनी खाटंवर निजवलंच न्हाय." जरा दम खाऊन म्हणाल्या, "तिथं कोन हाय... बघ जा."

जखमांचं विष अंगात भिनलं होतं. सिस्टर घरी परतल्या नाहीत. डॉक्टरांनी वय झालं होतं असं सांगितलं. वयानं टाच सडत नाही, हे मी त्यांच्या तोंडावर बोलले.

तेरावा उरकला आणि मी तुळजापूर रोडचं ते घर विचारत विचारत काढलं. दार सुनेनं उघडलं. ओळख ना पाळख, तरी बिचारीनं आत घेतलं. कोपऱ्यात खाटेवर एक आजोबा, केस विंचरलेले, चादर गळ्यापर्यंत. तीच मुलगी मला बघून गडबडीनं उभी राहिली. सुनेनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"राहू द्या," मी म्हणाले आणि खाटेच्या पायथ्याशी गेले.