पॅनखोलीतली मर्ल

काळजी मर्ल क्वाशीच्या पाचवीलाच पुजलेली होती. बेटाच्या दक्षिणेला, सीपॅरिया गावातल्या मुलींच्या एका शाळेत ती प्रयोगशाळा सांभाळायची, आणि गॅसची तोटी बंद केली की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत यायची. कधी कधी दोनदा. नाक्यावरचे टॅक्सीवाले तिला बसवून घेण्याआधी विचारायचे, "मिस, तोटी बघून आलात ना? मग बसा."

अशा बाईच्या गळ्यात शाळेचा पॅन क्लब पडला तो केवळ योगायोगाने. संगीताच्या सरांनी दोन आठवडे सांभाळा म्हणून पॅनखोलीची चावी तिच्या हातात दिली, आणि सर कॅनडाला गेले ते गेलेच. त्याला एकोणीस वर्षं झाली. शाळेत नेटबॉल होता, वादविवाद मंडळ होतं, कॅडेट होते. बुद्धिबळाचा क्लब दर सप्टेंबरात जन्मायचा आणि नाताळाआधी मरायचा. पण शाळा सुटल्याची घंटा झाली की निम्म्या पोरी धावायच्या त्या पॅनखोलीकडेच. पॅन म्हणजे तेलाच्या पिंपांची बुडं ठोकून ठोकून केलेली वाद्यं, ती तिथे स्टँडांना दोऱ्यांनी टांगलेली असायची. मर्ल दारातच पोरींना अडवायची. आधी दोऱ्या तपासायची, मग काठ्यांच्या टोकांचं रबर, मग कुणी उपाशी तर नाही ना हे. उपाशी पोर सापडली की आपल्या डब्यातला पेलाव तिच्यापुढे सरकवायची आणि घरी जाईपर्यंत स्वतः उपाशी राहायची.

गाणं बसवायला बाहेरून एक सर यायचे. ते सगळं तोंडी शिकवत, कागदावर एक अक्षर नसे. आठ मिनिटांचं गाणं तुकड्यातुकड्याने पोरींच्या हातांत उतरायचं, आणि एकदा उतरलं की झोपेतही निघायचं नाही. कुणी कंटाळून काठ्या खाली ठेवल्या तर मर्ल म्हणायची, एक हात थांबला तरी गाण्याला भोक पडतं, बाई. हे ती इतक्यांदा म्हणायची की पोरी तिची नक्कल करायच्या.

त्या वर्षी शाळांच्या स्पर्धेत त्यांची उपांत्य फेरी शनिवारी होती. नियमाप्रमाणे किमान तीस वाजवणाऱ्या हव्यात. दोन मुली कांजिण्यांनी घरी बसल्या आणि उरल्या मोजून तीस. नावांची यादी तर आधीच स्पर्धेकडे गेलेली, आता नवं नाव घालता येणार नव्हतं. मर्लने तेव्हापासून कुणाला शिंकूही दिलं नव्हतं.

बुधवारी सराव चालू असताना अंजनी सीचरनच्या स्टँडची दोरी तुटली. रोज तपासलेल्या दोऱ्यांतलीच ती एक. तिची पॅन म्हणजे दोन पिंपांची जोडी, त्यातलं एक फरशीवर आपटलं आणि त्यातले तीन सूर पार बसले. सूर लावणारा म्हातारा आला, त्याने पत्र्यावरून बोट फिरवलं आणि दहा दिवस लागतील म्हणाला. शनिवारला तर तीनच दिवस होते.

अंजनी पंधरा वर्षांची, माध्यमिकच्या चौथ्या वर्षाला, कमी बोलणारी. ती नानीजवळ राहायची. देवळात हार्मोनियम शिकायचं सोडून पिंपं कसली बडवतेस, म्हणून नानीने वर्षभर तिला क्लबात येऊ दिलं नव्हतं. पोरीने हट्ट सोडला नाही. घरी जेवणाच्या टेबलावर ती दोन चमचे घेऊन अख्खं गाणं वाजवायची. शेवटी वैतागून म्हणा की कौतुकाने, नानी ह्या शनिवारी पहिल्यांदा बघायला येणार होती.

मर्लने चार गावं पालथी घातली. पण कार्निव्हल तोंडावर, गावोगावची पथकं सरावात गुंतलेली, कुणाच्या अंगणात रिकामी पॅन मिळणार? अखेर शेजारच्या फायझाबाद गावात एका जुन्या वादकाच्या पडवीत, गोणपाटाखाली एक जोडी मिळाली. मर्लने तिथेच उकिडवं बसून एकेक सूर वाजवला, कान लावून ऐकला. एकही बसका नव्हता. दोऱ्या नव्या घातल्या, बुडाला गंज आहे का तेही बघितलं. एकच गोष्ट बघितली नाही: कोणता सूर कुठे बसवलाय ते. कानावर जगणाऱ्या माणसाची चूक ती. जुन्या काळी प्रत्येक वाडीची पॅन वेगळी असे. एका वाडीत जो सूर काठाला तो दुसऱ्या वाडीत पोटात. हे मर्लला ठाऊक नव्हतं असं नाही. मामाच्या अंगणात ती असल्याच पॅनवर वाढली होती, आणि म्हणूनच बहुधा तिला काही वेगळं वाटलं नाही.

गुरुवारी अंजनीने काठ्या उचलल्या आणि पहिल्याच ओळीला अख्खा क्लब थबकला. पोरीचे हात बरोबर जात होते आणि सूर भलतेच निघत होते. तिने पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. मर्लने घाईघाईने खडू आणून प्रत्येक सुरावर त्याचं नाव लिहिलं. त्याने काय होणार? हात धावतात त्या वेगाने डोळे वाचत नाहीत.

"मिस, शनिवारपर्यंत मी शिकते," अंजनी म्हणाली.

शुक्रवारी तिने वर्ग चुकवून पॅनखोलीत दिवस काढला. मर्लने ते बघूनही न बघितल्यासारखं केलं. संध्याकाळपर्यंत पहिली दोन मिनिटं अगदी स्वच्छ आली. पुढे गाणं वळण घेतं तिथे हात जुन्या जागा शोधायचे आणि सगळं कोसळायचं. मर्ल खिडकीपाशी उभी राहून ऐकत होती. तिला एकोणतीस पोरी दिसत होत्या, परीक्षक दिसत होते, आणि आठ मिनिटांतला तो एक चुकीचा सूर, जो अजून वाजलाही नव्हता, तो तिच्या कानात वाजत होता. तिने अंजनीला बाजूला बोलावलं.

"उद्या तू नुसते हात हलव. काठी पत्र्याला लावू नकोस."

"म्हणजे वाजवू नको?"

"तीस लागतात, अंजनी. एकोणतीस झाल्या तर सगळ्याच बाद."

"म्हणजे मी मोजण्यापुरती."

मर्ल तिच्या काठ्यांचं रबर तपासायला लागली.

"दोन मिनिटं येतात मला, मिस. तेवढी तरी वाजवते."

"आणि तिसऱ्या मिनिटाला काठी वर घेताना गडबडून थांबलीस तर? थांबलेली काठी लांबूनही दिसते. नको. हे असंच करू या."

अंजनीने मान हलवली. ओल्या फडक्याने तिने पॅनवरचा खडू पुसून काढला आणि कुणाशी न बोलता घरी गेली. चुकीच्या सुराची मर्लला भीती वाटत होती, ती त्या गप्प बसण्याची आता जास्त वाटायला लागली. तरी तिने निर्णय बदलला नाही. भित्र्या माणसाचं हेच असतं, एकदा भिऊन ठरवलं की तेवढंच घट्ट धरून बसतं.

शनिवारी स्टँड ढकलत ढकलत मंचावर नेले. पोरींनी काठ्या उचलल्या आणि गाणं सुटलं. इतकं सुरेख ते सरावातही कधी वाजलं नव्हतं. मर्ल बाजूच्या पडद्याआड होती, आणि तिला गाणं ऐकूच येत नव्हतं. ती फक्त अंजनीच्या काठ्या बघत होती. काठ्या पत्र्याच्या बोटभर वर नाचत होत्या, कुठेही न चुकता, पहिल्या मिनिटापासून आठव्यापर्यंत. येत होती ती दोन मिनिटंही तिने वाजवली नाहीत. सांगितलं तसं अगदी तंतोतंत केलं. मर्लला वाटलं, हिने एकदा तरी चुकून काठी मारावी. तिने मारली नाही.

निकाल लागला तेव्हा त्या दोन गुणांनी अंतिम फेरीत गेल्या होत्या. पोरींनी मर्लला उचललं, तिचा चष्मा पडला, कुणीतरी मॉबीच्या सरबताची बाटली तिच्या हातात कोंबली. अंजनी बसच्या दाराशी पॅनला कापड गुंडाळत होती. तेवढ्यात ओढणी सावरत नानी आली. तिने नातीच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"एवढ्या सगळ्यांत तुझंच वाजवणं मला वेगळं ऐकू आलं बघ."

अंजनीने पॅनवरचं कापड सारखं केलं. मग म्हणाली, "हो नानी."

ते 'हो' मर्लच्या काळजात घुसलं. ह्या पोरीला खोटं बोलायला कुणी शिकवलं, ते तिला सांगायला कुणाची गरज नव्हती. ती पुढे झाली आणि एका दमात बोलून मोकळी झाली, की नानी, ही आज वाजवत नव्हती, पॅन आणताना चूक माझी झाली आणि वाजवू नको असंही मीच सांगितलं, हिला शिकायचं होतं, मीच भ्याले.

नानीने सगळं ऐकून घेतलं. "मला कळलं होतं, मिस," ती म्हणाली. "माझा नवरा तीस वर्षं लग्नांत ताशा वाजवायचा. वाजणारा हात कुठला आणि नुसता हलणारा कुठला, ते मला कळतं."

"मग तसं कशाला म्हणालीस?" अंजनीने विचारलं.

"एवढ्या लोकांत काय म्हणणार होते, बाळ?"

आदल्या संध्याकाळपासून दाबून ठेवलेलं रडू पोरीला तेव्हा आलं. नानीने तिला पोटाशी धरलं, आणि तिच्या डोक्यावरून मर्लला विचारलं की पुढची फेरी कधी आहे. तीन आठवड्यांनी, मर्ल म्हणाली, तोवर हिची स्वतःची जोडी दुरुस्त होऊन येईल, मग काही प्रश्न नाही. हे म्हणताना तिचा तिलाच केवढा धीर आला.

"मला ती नको," अंजनी नाक पुसत म्हणाली. "मी हीच वाजवणार. ह्यातली दोन मिनिटं झालीत माझी."

"अगं, पण फायनल आहे. तिथे चुकलीस तर?"

"चुकले तर चुकले. ऐकू तरी येईन."

 नाही म्हणायला मर्लने तोंड उघडलंच होतं, एकोणीस वर्षांची सवय. नानी तिच्याकडे बघत होती, पोर तर बघतही नव्हती, पॅनला घट्ट गाठ मारत होती.

"बरं," मर्ल म्हणाली, आणि बसच्या पायरीवर बसून ती गाठ पुन्हा एकदा ओढून बघू लागली.